चढावर दमणारी गाडी

मेकॅनिकच्या बायकोने गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवणं म्हणजे काय असतं, हे न्यूझीलंडमधल्या आमच्या फेदरस्टनमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाव लहान. बेकरीच्या रांगेत उभं राहिलं की कुणाची गाडी कुणाच्या दारात दिसली ते आपोआप कळतं. मला मात्र ते बेकरीत कळलं नाही. माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हातातल्या टॉर्चच्या उजेडात कळलं.

झालं असं. माझी बायको रेविन रोज रेमुताका घाट ओलांडून पलीकडच्या हट शहरात हॉस्पिटलात कामाला जाते. तिची गाडी म्हणजे जुनी जपानी टर्बो वॅगन, मीच बघून घेतलेली. ईस्टरपासून ती म्हणत होती, "डॅरिल, गाडी चढावर दमते रे." मी म्हणत होतो, "बघतो." शेतकऱ्यांचे पिकअप दारात रांगेने उभे असले की घरची गाडी मागे पडते. शेवटी एका शनिवारी सकाळी तिने गाडीची किल्ली माझ्या टोस्टवर ठेवली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. लोण्याने बरबटलेली किल्ली घेऊन मी गॅरेजमध्ये आलो.

टर्बोच्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. वाटेत कुठे पाइप सुटला किंवा चिरला की ती हवा बाहेर पळते आणि गाडी चढावर मान टाकते. मी बॉनेट उघडलं, पाइपांवरून टॉर्च फिरवला आणि माझा हात थांबला. टर्बोजवळच्या जोडावर पाइप आवळणारा कोरा करकरीत क्लॅम्प होता. तो मी लावलेला नव्हता.

त्याचा स्क्रू वर तोंड करून होता. मी स्क्रू नेहमी खाली दडवतो, बॉनेट उघडल्यावर काम नीटनेटकं दिसावं म्हणून. स्क्रू असा वर ठेवणारा आमच्या भागात एकच माणूस, ब्लेअर. "पुढच्या माणसाचा पाना पोचायला नको का?" असं तो म्हणायचा. कित्येक वर्षं आम्ही दोघांनी मिळून हे गॅरेज चालवलं. मग तो वेगळा झाला, मार्टिनबरोच्या रस्त्याला त्याने आपलं दुकान थाटलं आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या मागे गेली. हसतमुख माणूस. बायकांशी गोड बोलणारा, आणि घटस्फोट झाल्यापासून जरा जास्तच गोड.

मी टर्बोच्या तोंडाला बूच लावलं, कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने जोडांना लावू लागलो. गळती असली की तिथे बुडबुडे येतात. ब्लेअरच्या जोडाला मी फेस लावला. पुन्हा लावला. पुन्हा एकदा थापून लावला. एक बुडबुडा येईना. तिथेच गळावं आणि ब्लेअरचं नाक कापलं जावं अशी माझी मनापासून इच्छा होती. बाकीच्या पाइपांवर मी नुसता ब्रश फिरवला. सगळं लक्ष त्या एका क्लॅम्पवर होतं.

मग काहीतरी खोट काढायचीच म्हणून मी तो क्लॅम्प सोडवला. पाइप चिकटून बसला होता. पिळून ओढून काढला, आणि आतून जो वास आला त्याने मी स्टुलावर बसलोच.

हेअरस्प्रे. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. पाइप बसवण्याआधी आत हेअरस्प्रे मारायचा. ओला असतो तोवर पाइप सहज सरकतो, वाळला की घट्ट धरतो. प्रत्येक मेकॅनिककडे एखादा स्वस्तातला डबा असतोच. हा वास स्वस्तातला नव्हता. हा रेविनच्या केसांचा वास होता. रोज सकाळी आमच्या बाथरूममध्ये तो भरून राहतो आणि मी त्याच्या नावाने खोकतो.

म्हणजे ती त्याच्या शेजारी उभी होती. तिने पर्स उघडून डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने काहीतरी विनोद केला असणार. ती हसली असणार. माझ्या विनोदाला ती शेवटची कधी हसली ते मला आठवेना, आणि त्याचाही राग मी ब्लेअरवरच काढला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पाइप परत बसवताना मी बोट सोलून घेतलं.

गाडी उभी असताना गळत नव्हती, म्हणजे चोर चढावरच सापडणार होता. दाब दाखवणारं गेज मी इंजिनाला जोडलं आणि त्याची नळी खिडकीतून आत घेतली. अशा वेळी एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने काट्यावर डोळा ठेवून कान द्यायचा. मी रेविनला हाक मारली.

"चल घाटात. तू चालव."

"आता? कपडे अर्धेच घातलेत वाळत."

"ईस्टरपासून मागे लागलीयस ना? मग चल."

ती आली. गाव मागे पडलं, चढ लागला. काटा व्यवस्थित वर होता.

"ब्लेअर बरा आहे ना?" मी काट्याकडे बघत विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. दचकलीसुद्धा नाही.

"क्लॅम्प छान वापरतो हं. कोरा."

"असेल. मला क्लॅम्पमधलं काय कळतंय?"

"हेअरस्प्रेमधलं कळतं की."

"डॅरिल, काय विचारायचंय ते सरळ विचार. नाहीतर गप काट्याकडे बघ. पुढे वळण आहे."

मी काट्याकडे बघितलं. भित्र्या माणसाला काटा फार उपयोगी पडतो.

वळण संपून उभा चढ लागला आणि काटा एकदम खाली आला. गाडीतला जीवच गेला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आमच्या बंपरला चिकटला.

"ऐक," रेविन म्हणाली. "डावीकडून. आधी फुसफुस, मग शिट्टी. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय अर्धा दाबला की."

"तुला एवढं बारीक कसं ठाऊक?"

"रोज ऐकतेय. जाताना पण, येताना पण."

घाटमाथ्यावर गाड्या उभ्या करायच्या जागेत आम्ही थांबलो. वारा असा होता की बॉनेट हाताने धरून ठेवावं लागलं. मी तिला हँडब्रेक ओढून क्लच जरासा सोडायला सांगितलं आणि बाजूला उभा राहिलो. इंजिन जोर लागताच मागे झुकलं, आणि डावीकडे खालच्या अंगाला, पाइपाच्या टोकाशी, एक चीर तोंड उघडून शिट्टी मारू लागली. क्लच दाबला की इंजिन सरळ आणि चीर बंद. गॅरेजमध्ये इंजिन हललंच नव्हतं, म्हणून ती मिटून बसली होती. आणि मी तिथे फेस लावायचा म्हणून लावला होता.

इंजिन बंद करून तीही खाली उतरली. मी चिरलेलं टोक सुरीने कापलं. उरलेला पाइप पुढे ओढला तर पोचत होता. एवढ्यात रेविनने मी न मागताच पर्समधून हेअरस्प्रे काढून माझ्यासमोर धरला.

"सवय झालेली दिसते," मी म्हणालो.

"एकदाच दिलाय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. खाली त्या दुसऱ्या वळणावर. फाडकन आवाज झाला, वरचा पाइप सुटला आणि गाडी बंद. मी कडेला घेतली. ब्लेअर हटहून सामान घेऊन येत होता, त्याला दिसले. त्याने पाइप बसवला आणि म्हणाला, अजून कुठेतरी गळतंय, डॅरिलला सांग. त्याच संध्याकाळी सांगितलं मी तुला."

"ब्लेअरचं नाव नाही काढलंस."

"मी म्हटलं, आज घाटात बंद पडली. तू विचारलंस, कुठल्या गिअरमध्ये. मी म्हटलं, तिसऱ्या. मग तू बातम्या लावल्यास."

"मग... तो आणि तू?"

"तो आणि मी काय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझे ऑइलने माखलेले हात कुठे ठेवावेत कळेना. "त्याने विचारलं, रडतेयस का. मी म्हटलं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय. त्याने पाइप बसवला आणि गेला. एवढंच. क्लॅम्पवरून संसार मोजतोस तू."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. ब्लेअरबद्दल मला मायासुद्धा वाटली. मी स्प्रे मारला, पाइप बसवला, स्क्रू आवळायला घेतला, आणि मग उशिरा, माझं सगळं जसं उशिरा होतं तसं, माझ्या डोक्यात शिरलं.

"पण तू रडत का होतीस? पाइपच तर सुटला होता."

तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"तासभर बसले होते रे मी तिथे. फोन मांडीवर होता, चालू होता. हिला करू का, त्याला करू का, असा सगळ्यांचा विचार केला. बहिणीला केला, तिने उचलला नाही. मग ब्लेअर थांबला आणि त्याने पहिलं काय विचारलं असेल? डॅरिल निघालाय ना घरून? तेव्हा मला आठवलं की माझा नवरा मेकॅनिक आहे."

मी स्क्रू आवळतच राहिलो. तो केव्हाच घट्ट झाला होता. आमच्या मधे खरंच ब्लेअर असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याच्या दारात जाऊन शिव्या देता आल्या असत्या, एखादा ठोसा मारता आला असता, गावाने आठवडाभर चघळलं असतं आणि मिटलं असतं. आता मी कुणाच्या दारात जाणार होतो?

"झाली का गाडी?" रेविनने विचारलं.

"झाली," मी म्हणालो.