बाबांचा अंगठा

शर्यतीच्या सरावाला निघण्याआधी मी सायकल बाबांच्या खाटेपाशी नेतो. ते अंगठ्याने टायर दाबतात, ‘अजून’ म्हणतात, मी हवा भरतो. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केलेला माणूस. पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या काट्याला ते हिंग लावूनही विचारत नाहीत.

आजारपणात त्यांचं ‘पुरे’ लवकर येऊ लागलं. काटा शंभराऐवजी ऐंशीवर, मग साठवर, मग चाळीसवर. अंगठ्यातला जोर ओसरत होता, म्हणून मऊ टायरही त्यांना टणक लागायचा. मी मान डोलवायचो आणि उरलेली हवा कोपऱ्यावर जाऊन भरायचो.

आज चाक पंक्चर होतं. मी सांगण्याआधीच बाबांनी अंगठा टेकवला.

“पुरे. चढावर घाई करू नकोस.”

“बरं,” मी म्हणालो. रिकाम्या चाकाचा आवाज त्यांना लगेच कळला असता, म्हणून दारापर्यंत सायकल उचलून नेली.