ताईचा ट्रॅक

माझा नवरा चष्मे करतो. सत्तावीस वर्षं दुकान चालवतोय, आणि लोक म्हणतात, यांच्यासारखी काच कोणी बसवत नाही. असेल बाबा. पण काच बसवता आली की जगातलं सगळंच आपल्याला येतं असं यांना वाटतं, आणि तिथे माझं डोकं फिरतं. गेल्या वर्षी यांनी आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर घरी आणला. आठ ट्रॅक म्हणजे आठ माणसं आठ वेगळ्या दिवशी गायली तरी शेवटी एकत्र ऐकू येतात. घरच्या घरी स्टुडिओसारखा आवाज, असं दुकानदारानं सांगितलं आणि हे भुलले. वर्षभरात त्या यंत्रात काय भरलं? "चेक, चेक, एक, दोन." आणि शेजाऱ्यांचं कुत्रं.

प्रत्येकाला काहीतरी खूळ असतं. मी कपडे अल्टर करते, माझंही बटणांचं खूळ आहे. पण माझ्या बटणांनी कोणाचं वाटोळं केलं नाही.

मग ताईच्या घशाचं निघालं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, घसा तिथेच झिजला असं आम्ही म्हणत राहिलो, आणि ते भलतंच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मंगळवारची तारीख दिली. ताई रडली नाही. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "रविवारी येते. तुमच्या त्या डब्यात आईचं गाणं भरून ठेवू. माझा आवाज तुझ्याकडे ठेवून जाते, सांभाळ."

आईचं गाणं म्हणजे काही मोठं गाणं नाही. आम्ही भांडी पुसताना भांडायचो, म्हणून आईनं रचलेलं. "ताट पुसलं, वाटी पुसली, चमचा कुठं गेला." पहिल्या दोन ओळी ताईच्या एकटीच्या. मग मी मागून तीच ओळ घेऊन शिरायचं, आणि दोघींनी एकमेकींच्या मागे पळत शेवटच्या ओळीला गाठ घ्यायची. मी नेहमी घाई करायची आणि जोरात गायची. ताई म्हणायची, "अगं, माझं मलाच ऐकू येत नाही." चाळीस वर्षं हेच.

ताईच्या बोलण्याचे तुकडे होते माझ्या फोनवर. "पोचलीस का", "गोळी घेतलीस का", असले. गाणं मात्र कुठेच नव्हतं. ते कधी कोणी भरून ठेवावं असं वाटलंच नव्हतं.

रविवारी सकाळी ताई आली. मी आधीच सांगितलं होतं, माझ्या शिवणाच्या खोलीत बसा, तिथे कपड्यांचे ढीग आहेत, आवाज घुमत नाही. हे म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?" आणि बाहेरच्या खोलीत मांडामांड केली. तिथे फरशी आणि काच. ताई बोलली की डब्यात बोलल्यासारखं यायला लागलं. अर्धा तास फोनवर काहीतरी वाचलं आणि मग मला म्हणतात कसे, "कपडे असलेली खोली उत्तम असते म्हणे." मी सांगितलं तर अडाणी, आणि तेच इंटरनेटनं सांगितलं की शास्त्र. सगळं सामान परत उचलून माझ्या खोलीत.

मग पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीत गुंडाळलं. फ्रिजची घरघर येते म्हणून फ्रिजचा प्लग काढला, तो संध्याकाळपर्यंत तसाच, आणि दोन लिटर दूध नासलं. मी माझा फोन टेबलावर ठेवून तिकडूनही रेकॉर्डिंग चालू करणार होते, तर म्हणाले, "फोन नको. माइकमध्ये टर्रटर्र येतं." फोन बंद करून लांबच्या खोलीत ठेवायला लावला. हे लक्षात ठेवा.

"आम्ही दोघी एकत्रच गातो," मी म्हटलं.

"एकत्र नाही," हे म्हणाले. "एकत्र गायलात की हिचा आवाज तुझ्या माइकमध्ये शिरतो, तुझा हिच्या. मग वेगळे करता येत नाहीत."

"वेगळं करायचंय कोणाला?"

"मिक्सिंगला लागतं."

ताई हसली. "मेहुणे म्हणतात तर म्हणतात. मी आधी गाते. तू नंतर भर."

गाते म्हणाली खरी, पण गाऊ कोण देतंय? डिजिटलला लाल दिवा लागला की आवाज फाटतो, आणि फाटलेला शिवता येत नाही, हे यांनी पाठ केलेलं. म्हणून लेव्हल बघायला एकदा गायला लावलं. दिवा लागला. एक वीत मागे सरका, पुन्हा गा. आता फार लहान. पुढे या, पुन्हा. मग ताईच्या चष्म्याची साखळी वाजते, साखळी काढा, पुन्हा. चार वेळा, अहो चार वेळा, त्या बाईनं दिव्यासाठी गाणं म्हटलं. तिच्याकडे उरलेला आवाज मोजून दोन दिवसांचा, आणि हा माणूस तो दिव्यावर खर्च करतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तर ताईनं माझा हात दाबला.

पाचव्यांदा खरं रेकॉर्डिंग. आवाज बसत चाललेला, शेवटच्या ओळीला तर नुसती हवा. पण भरलं. सहाव्यांदा तिला जमलंच नसतं. जाताना दारात म्हणाली, "आता तुझं तू भर. आणि घाई करू नकोस."

त्याच संध्याकाळी मी माझा भाग गायले. कानावर हेडफोन, त्यात ताई. मी हेडफोनचा आवाज पार वर नेला. मला तिचा श्वास ऐकायचा होता. गाणं संपल्यावर हे कपाळावर हात मारून म्हणाले, "केवढा मोठा ठेवलास. हेडफोनमधून गळून सगळी ताई तुझ्या माइकमध्ये आली. हा ट्रॅक फुकट गेला. पुन्हा गा."

"नाही गाणार," मी म्हटलं. "आज नाही."

मंगळवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, म्हणजे जे काढायचं ते काढलं.

गुरुवारी दुपारी मी कोणाच्या तरी कोटाची बाही उसवत होते. हे दारात येऊन उभे राहिले. माणूस उभा कसा राहतो त्यावरून बायकोला कळतं. मी कात्री खाली ठेवली.

आता नीट ऐका, कारण असला घोळ फक्त चष्मेवालाच घालू शकतो. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर उजवा डोळा आधी लिहितात, डावा नंतर. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याचा उजवा डोळा यांच्या डाव्या हाताला येतो. सत्तावीस वर्षं तसंच. ताईला उजव्या स्पीकरमधून ऐकवायचं आणि मला डाव्या, असं यांनी ठरवलं होतं. म्हणून सवयीनं यंत्राच्या डाव्या पट्टीवर "उ"ची चिठ्ठी चिकटवली आणि तिथे ताईला भरलं. उजव्या पट्टीवर "डा", तिथे मी. गुरुवारी यांना माझा फुकट गेलेला डावा ट्रॅक पुसायचा होता. हात डावीकडे गेला. डावीकडे ताई होती.

"चिठ्ठी होती ना वर?" मी विचारलं.

"चष्मा लावला नव्हता," हे म्हणाले.

चष्मेवाल्यानं चष्मा लावला नव्हता.

"परत आणता येतं ना? ते यंत्र विचारत असेल ना, खात्री आहे का म्हणून?"

"विचारलं. मी हो म्हटलं. मग मेमरी कार्ड भरलं होतं म्हणून जागा साफ केली. ती केली की परत येत नाही."

"आणि दुसरी कॉपी?"

"आज करणार होतो."

मी काय काय बोलले ते सांगत नाही. फोनचं बोलले, टेबलावर फोन ठेवू दिला असता तर आज ही वेळ आली नसती. चार वेळा गायला लावलं त्याचं बोलले. दुधाचंही बोलले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझी आई म्हणायची, तेही बोलले. आमच्या अख्ख्या संसारात या माणसानं मला उलट उत्तर दिलं नाही असा तो पहिला दिवस. ते स्टुलावर बसून राहिले आणि हातातली चिठ्ठी बोटानं चुरगळत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचाही मला रागच आला. माझी बहीण घालवून वर यांनीच रडायचं?

ताई म्हणाली होती, सांभाळ. चार दिवस नाही सांभाळता आलं मला. शनिवारी तिला भेटायला जायचं होतं. काय तोंडानं जाणार?

राग उतरेना म्हणून मी जाऊन यंत्रापाशी बसले. मला बघायचं होतं, ताईला पुसून यांनी ठेवलं तरी काय. हेडफोन लावला आणि माझा एकटीचा ट्रॅक सुरू केला. सुरुवातीला मी गप्प आहे. माझी पाळी दोन ओळींनंतर ना.

आणि त्या गप्प जागेत ताई गात होती.

लांबून, बारीक, भिंतीपलीकडून यावं तशी. माझ्या कानावरच्या हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरलेली. "ताट पुसलं, वाटी पुसली." मध्ये तिचा श्वाससुद्धा. दोन ओळी झाल्या आणि मग मी शिरले, केवढ्यानं, बुलडोझर शिरावा तशी, आणि ताई गेली. मी श्वास घेते तिथे तिचा एखादा शब्द वर येतो, बास.

मी यांना हाक मारली. हे आले, हेडफोन लावला, आणि खालीच बसले. मग हात बटणाकडे गेला. "थोडी खरखर आहे, ती साफ केली की..."

"हात लावून बघा," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. मग, माझ्या देखत, चष्मा लावून, त्या ट्रॅकच्या तीन कॉप्या केल्या.

शनिवारी दवाखान्यात गेलो. वाटेत मी बोलणं जुळवत होते. हे कसं झालं, कोणामुळे झालं, मी फोन ठेवणार होते, मी एकत्र गाऊया म्हणत होते, सगळं ओळीनं. ताई उशीला टेकून बसली होती. गळ्याला पट्टी, मांडीवर तिची शाळेतली पाटी. माझ्याकडे बघून तिनं भुवया उचलल्या. आणलंस का?

मी म्हटलं, "ताई, यांनी तुझा ट्रॅक पुसला."

हे दारातच थांबले होते. आत यायची हिंमत नव्हती. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटीवर लिहिलं: "डावं उजवं कळत नाही आणि चष्मे देता?" फोनवर मी काल तिच्या मुलीला सांगितलं होतं, तिनं मला न विचारता ताईला सगळं सांगून ठेवलेलं. हे मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं, ताई." तिनं त्यांना हातानं आत बोलावून स्टुलाकडे बोट दाखवलं.

मी तिच्या कानाला हेडफोन लावला आणि जे उरलं होतं ते सुरू केलं. ताईनं डोळे मिटले. पहिल्या दोन ओळींना तिचं बोट पांघरुणावर ठेका धरत होतं. मग बोट थांबलं. मी शिरले असणार. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे उघडले, पाटी पुसली आणि लिहिलं.

मला वाटलं, यांच्यासाठी आणखी काहीतरी असेल. तिनं पाटी माझ्याकडे फिरवली.

"दोनच ओळी गप्प बसलीस?"

माझ्याकडे उत्तरं होती. गाणंच तसं आहे, माझी पाळी होती, चूक यांची होती. सगळी जिभेवर आली. मी एकही बोलले नाही. ताईनं पाटी बाजूला ठेवली आणि मला खूण केली, पुन्हा पहिल्यापासून लाव.