तिघांपुरती जागा

बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानाला वेबसाइट कशाला हवी, असं सासरे म्हणाले आणि लगेच दाढी करून फोटोसाठी तयार होऊन बसले. सुनेनं मनावर घेतलं होतं. घरात सगळे तिला वहिनीच म्हणत, अगदी सासरेसुद्धा. व्हिडिओ पाहून पाहून ती थीम बसवायला शिकली. थीम म्हणजे आयती सजवलेली वेबसाइट. आपण फक्त त्यातली परकी माणसं काढून आपली घालायची. तिनं निवडलेली थीम मुळात कॉफीच्या दुकानासाठी केलेली होती. कपांच्या जागी सुटकेसी आल्या. वरची वाफ घालवता घालवता तिच्या नाकी नऊ आले. तपकिरी रंग मात्र चामड्याला शोभला, म्हणून तसाच राहू दिला.

अडलं ते ‘आमची माणसं’ या पानावर. तिथे फोटोंसाठी तीन गोल होते आणि माणसं चार: सासरे, नवरा, ती स्वतः आणि ताई, नवऱ्याची थोरली बहीण. सासऱ्यांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकानातली सगळी शिवण ताईच करायची, आतल्या खोलीत, मशीनवर पाठ वाकवून. वहिनीनं चौथा गोल घातला, तर तो खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात एकटाच जाऊन बसला, रुसल्यासारखा. तिनं गोल लहान केले, मधली जागा कमी केली, तर मोबाइलवर सगळंच विस्कटलं. शेवटी तिनं एक फोटो काढून टाकला. ताईचा. स्वतःचा काढावा हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

“सध्यापुरता,” ती नवऱ्याला म्हणाली. “ताईंना कुठे हौस आहे फोटोची?”

नवऱ्यानं नुसतं हं केलं. हौस नसलेल्या ताईनं त्या फोटोसाठी केस धुतले होते आणि ठेवणीतले कानातले शोधायला सगळं कपाट उपसलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वेबसाइट झकास झाली. गिऱ्हाइकं वाढली. सध्यापुरतं ते तसंच राहिलं.

एकदा एक बाई पट्टा उसवलेली प्रवासी बॅग घेऊन आल्या. वहिनी मागच्या फळीवर बकल शोधत होती, म्हणून ताई काउंटरवर आली. बाईंनी फोन पुढे केला.

“हे आजोबा आहेत ना, यांच्याच हातची शिवण हवी बरं का! माझ्या मैत्रिणीची बॅग त्यांनीच केलीय. काय टाका आहे हो!”

ताईनं फोन हातात घेतला. पान सावकाश वरून खाली सरकवून बघितलं.

“बाबांचा फोटो छान आलाय,” ती म्हणाली. “ठेवून जा बॅग. सांगते त्यांना.”

आणि आत जाऊन पट्टा शिवायला बसली.

मागच्या फळीशी वहिनीनं सगळं ऐकलं होतं. बाईंची पाठ वळताच ती कॉम्प्युटरला चिकटली. दोन फोटो वर, दोन खाली. चहा निवायच्या आत झालं. इतकं सोपं होतं, की तिला स्वतःचाच राग आला. फोन घेऊन ती आत गेली.

“ताई, बघा ना. आधी जागा पुरत नव्हती हो.”

“मग बरोबरच केलंस की.” ताईनं दोरा दातानं तोडला. “अगं, ते तंबू शिवायच्या कारखान्यातले लोक कधीचे कामाला बोलावतायत मला. मीच म्हणत होते, बाबांचं दुकान सोडून कुठे जाऊ? आत्ताच फोन करून हो म्हटलं.”

“रागावलात?”

“रागवायचं काय त्यात? वेडी कुठली!”

ताई खरंच हसली. ते जास्त लागलं. भांडली असती तर निदान माफी मागायची सोय झाली असती.

आता शिवणीला नवा माणूस ठेवलाय. बरा आहे. ताई अजून याच घरात राहते, जेवताना तंबूंच्या गमती सांगते, सासरे हसतात. पानावरचा तिचा फोटो काढायला वहिनीचा हात धजत नाही. गिऱ्हाइकं त्यावर बोट ठेवून विचारतात, “याच शिवतात ना?”

“त्याच,” वहिनी म्हणते. “आत आहेत, कामात.”

आणि बॅग घेऊन आत गेली, की दार लोटून घेते.