मिसरीची डबी

सकाळच्या भाकऱ्या आटोपल्या की घोटावड्याच्या बायका दारात मिसरी लावायला बसत. रत्नाही आपली डबी घेऊन बसे. खरं तर मिसरीच्या नुसत्या वासानं तिला मळमळे. पण तिच्या डबीत वर बोटभर मिसरी होती आणि खाली कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या. चूळ भरायचं निमित्त करून ती न्हाणीच्या आडोशाला जाई आणि एक गोळी पाण्याबरोबर गिळून येई.

रत्नाला लहानपणी फेफरं येई. पौडच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ते थांबलं. पोरीचं लग्न होईल, लेकरंबाळं होतील, फक्त गोळी चुकवू नका, असं त्यांनी आईबापाला बजावलं होतं. आईबापानं गोळी कधी चुकवली नाही, पण सोयरीक जुळवताना तोंडाला कुलूप लावलं. फेफऱ्याची पोर म्हटल्यावर कोण करून घेणार? शेवटी लग्न झाल्यावर रत्नानंच नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. जयसिंग चिंचवडला कारखान्यात लेथवर होता, चार बुकं शिकलेला.

"माज्या आयला कळू द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "गोळ्या म्या आनीन. तू घोर करू नगं."

आणि खरोखरच डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तो न चुकता गोळ्या आणत राहिला. अशा माणसावर रत्नानं जीव ओवाळून टाकला, यात नवल काय?

एके दिवशी तिच्या सासूची, गोजराबाईची मिसरी संपली. तिनं सुनेची डबी सहज ओढून घेतली, बोट जरा खोल घातलं आणि पुडी हाताला लागली.

लग्नाला दोन वर्षं होत आली तरी घरात पाळणा हलला नव्हता. पाळणा लांबवायच्या गोळ्यांची जाहिरात तेव्हा भिंतीभिंतीवर रंगवलेली असे. गोजराबाईला वाचता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिनं सरळ तोच अर्थ लावला आणि मुलगा कामावरून येईपर्यंत पुडी मुठीत धरून उंबऱ्यात बसून राहिली.

"तुजी बायकू पोर हू देत न्हाई," ती म्हणाली. "ह्या गोळ्या कुटनं आनल्या, इचार तिला."

रत्ना काय बोलणार? फेफऱ्याचं नाव घेतलं तर घर सुटणार, गप्प राहिलं तर वंश बुडवायला निघालेली ठरणार. पण तिला भीती वाटली नाही. जयसिंग समोर उभा होता. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून ती त्याच्याकडे पाहत राहिली. जयसिंगनं पायातल्या वहाणा काढल्या, भिंतीकडेला नीट लावल्या.

"मला काय ठावं," तो म्हणाला.

गोजराबाईनं पुडी चुलीत टाकली.

नंतर त्यानं रत्नाला गोठ्यात गाठून हळू आवाजात सांगितलं, की आई पिशवी तपासते, तिचा राग निवू दे, मग आणतो. रत्ना थांबली. सासू तिला एकटीला पाणवठ्यावरही सोडत नव्हती, मग पौड तर दूरच राहिलं. आणि राग निवायच्या आधी फेफरं आलं. भाकरी तव्यावर होती. रत्ना चुलीवरच कोसळली आणि उजवा हात विस्तवात गेला. शेजारणी धावल्या. कुणी नाकाला वहाण लावली, कुणी कांदा फोडला. हात विस्तवातून काढायला हवा, हे मात्र शहाण्यांना उशिरा सुचलं.

शुद्धीवर येताना तिला आधी सासूचा आवाज ऐकू आला. फेफऱ्याची पोर गळ्यात बांधली, म्हणून ती ऊर बडवत होती. मग जमलेल्या माणसांत जयसिंग बोलला, "मला बी फसावलं त्येंनी." हात भाजल्याचं तिला त्यानंतर कळलं.

बाप येऊन तिला माहेरी, लवळ्याला घेऊन गेला. पौडच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. फेफरं थांबलं, पण हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. फेफरं हे दुखणं आहे, पाप नव्हे, हे डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते. ऐकून सगळे मान हलवीत आणि घरी जाऊन आपापल्या घरातलं दुखणं झाकून ठेवीत.

भात कापणीला आला तेव्हा जयसिंग लवळ्यात आला. जावई दारात पाहून रत्नाच्या आईनं, चंद्राबाईनं, घाईनं चहा टाकला. जयसिंगनं ओट्यावर रत्नाजवळ बसून पिशवीतून एक पितळी डबी काढली.

"म्या सवता केलीया, लेथवर," तो म्हणाला. "ह्ये बघ."

त्यानं बूड फिरवलं. आट्यांवरून ते अलगद सुटलं आणि आत चोरकप्पा दिसला, गोळ्यांनी भरलेला. वरच्या कप्प्यात मिसरी होती. देवरुष्यानं फेफरं उतरवलं असं त्यानं आईला सांगितलं होतं, सुनेला परत घ्यायला आई तयार झाली होती. आता गोळ्या कधीच कुणाला सापडणार नाहीत, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. रत्नाला रडू आलं, कारण काम खरंच सुरेख होतं आणि त्यानं ते तिच्यासाठी केलं होतं.

"येते म्या," ती म्हणाली. "फकस्त आत्याबाईंच्या म्होरं एकडाव सांगा, गोळ्या तुमीच आनत व्हता."

जयसिंगनं डबीचं बूड उलटसुलट फिरवलं.

"त्येवढं सोडून काय बी माग."

रत्नानं त्याच्या हातून डबी घेतली. गोळ्या ताटलीत ओतल्या आणि ताटली आळीला दिसेल अशी ओट्याच्या कडेला ठेवली. समोरच्या दारात बायका मिसरी लावत बसल्या होत्या, त्यांची बोटं थांबली. रत्नानं एक गोळी उचलून तोंडात टाकली, वर पाणी प्यायली.

"आत ये गं, मानसं बगत्यात," चंद्राबाई दारातून म्हणाली.

"बगू दे, आये."

आखडलेल्या बोटांनी तिनं बूड पुन्हा घट्ट बसवलं, वरची मिसरी सांडू दिली नाही आणि डबी नवऱ्याच्या हातात ठेवली.

"आत्याबाईंना द्या," ती म्हणाली. "त्येंची मिसरी संपली व्हती."