मुकादमाची साखर

बोक्याला साखर झाली हे ऐकून सुईताईला आधी हसूच आलं. ज्यानं जन्मात गोडाला तोंड लावलं नाही, त्याला साखर! पण डॉक्टरीणबाई काही हसल्या नाहीत. जनावरांच्या दवाखान्यातली तरणी पोर, पण बोलणं कसं ठाम.

"मावशी, दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यायचं. दोन दोन युनिट. आणि साखर तपासायची ती घरीच. इथे आणलं की हा घाबरतो, आणि घाबरला की मांजराची साखर उगाच वर चढते. मग कसला आकडा आणि कसलं काय."

"मशीन कुठलं घेऊ?"

"जनावरांचं वेगळं येतं, पण ते मागवावं लागेल. माणसांचंही चालेल. फक्त कुठलं घेतलंत ते मला कळवा आणि रोजचा आकडा पाठवा. डोस मनानं बदलू नका हं."

यातलं "माणसांचंही चालेल" एवढं सुईताईनं नीट ऐकलं. बाकीचं या कानानं घेतलं आणि त्या कानानं सोडलं. आता तिचंही चूक म्हणवत नाही. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तिनं रक्त काढलं होतं. सुईताई हे नावच मुळी तिथलं. ज्या म्हाताऱ्यांच्या शिरा डॉक्टरांना सापडायच्या नाहीत, त्या तिला दंडावर बोट फिरवलं की सापडायच्या. अशा बाईला साखरेचं मशीन कसं वापरायचं हे कालची पोर शिकवणार? तसं ती तोंडानं बोलली नाही. मनात मात्र म्हणालीच.

औषधांच्या दुकानात तिनं दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. तीन मशीनं काढायला लावली. पहिलं सुरू केल्याबरोबर टॅंव करून ओरडलं. ते तिनं तिथल्या तिथे परत केलं. मांजराच्या कानाशी असलं ओरडणारं काही नेलं की संपलंच. दुसऱ्याच्या पट्टीला रक्त फार लागत होतं. मांजराच्या कानातून येऊन येऊन येणार किती? मोहरीएवढा थेंब. तिसरं गुमान होतं, थेंब इवलासा लागायचा, पाच सेकंदांत आकडा यायचा, आणि इस्पितळाच्या वॉर्डात ती वर्षानुवर्षं हेच वापरत आली होती. जुनी मैत्रीण बाजारात भेटावी तसा तिला आनंद झाला.

"कोणासाठी हवंय, ताई? घरात कोणाला?" दुकानदारानं विचारलं.

"मुकादमाला."

"कोण मुकादम?"

"बोका आहे आमचा."

दुकानदार हसला. "मग सांगा त्याला, म्हणावं, गोड कमी खा." सुईताईही हसली. त्या दिवसात ती कोणाशी हसली ती तेवढीच. निवृत्त झाल्यापासून असंच चाललं होतं. लग्न केलं नव्हतं, आई जाऊन सहा वर्षं झाली होती, धाकटा भाऊ दुसऱ्या गावात, त्याचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस बोलायचं ते मुकादमाशी. मुकादम नाव त्यानं स्वतःच्या वागण्यानं कमावलं होतं. तिनं केर काढला की मागोमाग फिरून बघायचा, गादी घातली की चारी कोपरे तपासायचा, आणि काम पसंत पडलं तरच तिच्या पायाशी येऊन पडायचा.

घरी येऊन तिनं आधी स्वतःच्या बोटातून पाच वेळा रक्त काढलं. पाचही आकडे जवळजवळ. मशीन चोख होतं. मग तिनं रुमाल कोमट पाण्यातून पिळून मुकादमाच्या कानाला लावला, कडेची शीर उजेडात धरली आणि सुई टोचली. रक्त नाही. पुन्हा टोचली. नाही. तिसऱ्यांदा मुकादमानं तिच्या मनगटावर पंजा ओढला आणि कपडे धुण्याच्या मशीनमागे जाऊन बसला. झालं! चौतीस वर्षांची कीर्ती एका बोक्यानं धुळीला मिळवली. मनगट नळाखाली धरून ती उभी राहिली, आणि तिला रागापेक्षा रडू जास्त आलं.

पण हटली नाही. चौथ्या दिवशी मुकादम तिच्या मांडीवर बसला, उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्याकडे डोळा ठेवून, आणि कानावर एक लाल ठिपका उगवला. तिला एक गोष्ट तेव्हा जाणवली. इस्पितळात लोक तिच्या पुढ्यात हात करायचे आणि भिंतीकडे बघायचे. हजारो लोकांना तिनं हात लावला, पण हात लावताना तिच्या तोंडाकडे बघितलेला माणूस तिला एकही आठवेना. मुकादम टक लावून तिच्याकडेच बघत होता. तुकड्यासाठी का असेना.

आकडे वहीत चढू लागले. दोनशे दहा. एकशे पंचाऐंशी. एकशे साठ. रोज पाठवायचे होते, पण तिनं पाठवले नाहीत. जनावरांचं मशीनही मागवलं नाही; हातात चोख मशीन असताना दुसरं कशाला? इस्पितळात तिचं काम आकडा लिहून कागद आत धाडायचं. चांगला का वाईट, ते ठरवणारे आत बसलेले. एकदा एका रोग्याला तिनं नुसतं "काळजीचं नाही" म्हटलं, तर मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते, "तुमचं काम सुई. अक्कल आमच्यावर सोडा." ते तिच्या मनात अजून सलत होतं. आता घर तिचं, बोका तिचा, वही तिची. आकड्याचा अर्थ तीच लावणार होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आकडा आला एकाहत्तर.

सुईताईनं मशीन उजेडात धरून आकडा पुन्हा पाहिला. माणसांची साखर सत्तरच्या आसपास आली की काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याच खुर्चीवर बसलेली एक बाई बोलता बोलता घामानं चिंब होऊन कोसळली होती. साखर चढली की माणूस हळूहळू खंगतो, पण पडली की घटकेत जातो, हे तिला ठाऊक. ती धावत जाऊन मध घेऊन आली आणि मुकादमाच्या हिरड्यांना चोळला. मुकादमाला काही झालेलं नव्हतं. तो आपला मजेत पंजा चाटत होता, आणि हे काय चिकट थेर म्हणून तिच्याकडे रागानं बघत होता. तिला मात्र वाटलं, आपण होतो म्हणून वाचला. त्या संध्याकाळपासून तिनं दोन युनिटचं एक केलं. कोणाला विचारलं नाही. विचारायचं कोणाला? आणि खरं सांगायचं तर तिला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं. कोणाचा तरी जीव आपल्या अकलेनं वाचवला, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

मग आकडे चढले. दोनशे वीस, दोनशे पन्नास. पडण्यापेक्षा चढलेलं बरं, ती स्वतःला सांगायची, अडीचशे घेऊन माणसं नोकऱ्या करतात. मुकादम पाण्याचं भांडं दिवसाला दोनदा रिकामं करू लागला. ती म्हणाली, उन्हाळा आहे. पाठीचे मणके हाताला लागू लागले. ती म्हणाली, वय झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगाच?

एका सकाळी तो पलंगावर चढायला निघाला आणि चढताच येईना. मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालत होता, माणूस टाचांवर चालावा तसा. पुन्हा उडी मारायला गेला, नख्या चादरीत अडकल्या, चादर घेऊन खाली आला. मग बसला आणि पलंगाकडे बघत राहिला. सुईताईनं त्याला पिशवीत घातलं, वही आणि मशीन बरोबर घेतलं आणि दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. मग मुकादमाच्या कानातून एक थेंब काढला, अर्धा सुईताईच्या मशीनला दिला, अर्धा दवाखान्यातल्या मशीनला. तिच्या मशीनवर आलं दोनशे अडुसष्ट. दुसऱ्यावर चारशे बारा.

"इथे आणलं की वर चढते ना पण?" सुईताई घाईघाईनं म्हणाली.

"चढते. पण हा एकाच थेंबाचा फरक आहे, मावशी. तुमचं मशीन बिघडलेलं नाही. ते माणसांच्या रक्तासाठी आहे. मांजराच्या रक्तात पेशींमध्ये आणि बाहेरच्या पाण्यात साखरेचं प्रमाण माणसापेक्षा वेगळं असतं, म्हणून या मशीनवर मांजराचा आकडा कमी दिसतो. म्हणूनच मी म्हटलं होतं, मला कळवा." त्यांनी वहीत बोट ठेवलं. "हा एकाहत्तर. खरा आकडा शंभराच्या वर असणार. याच्या आजारातला हा सगळ्यात चांगला दिवस होता."

सुईताई खुर्चीवर बसली. त्या चांगल्या दिवशी आपण त्याच्या तोंडात मध कोंबला, आणि त्याच संध्याकाळपासून त्याचं अर्धं औषध काढून घेतलं. महिनाभर. आपल्या हातानं.

"पाय?" तिनं विचारलं.

"साखर ताब्यात आली तर सुधारतात बऱ्याचदा. महिने लागतात. नाही सुधारले, असंही होतं." डॉक्टरीणबाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "एक फोन करायचा होता हो, मावशी."

त्या रागावल्या असत्या तर सुईताईला भांडता आलं असतं. भांडायला ती कच्ची नव्हती. पण या पोरीच्या आवाजात राग नव्हताच. जनावरांचं मशीन मागवून घ्यायचं, ते येईपर्यंत आठवडाभर याच मशीनवर तपासायचं पण आकडा रोज कळवायचा, डोस त्या सांगतील तोच, असं ठरलं. ती प्रत्येक वाक्याला "हो" म्हणाली.

घरी येऊन तिनं पलंगावरची गादी ओढून जमिनीवर घातली. गुडघे तिचेही दुखतच होते. मुकादम लांबून बघत राहिला, आला नाही.

रविवारी भावाचा फोन आला.

"ताई, जमिनीवर काय झोपतेस? उठता येतं का तुला?"

"त्याला चढता येत नाही."

"अगं, मांजर आहे ते! जीव किती टाकावा त्याला काही प्रमाण?"

एरवी ती "बरं बरं" म्हणून विषय बदलायची. या वेळी तिचा आवाजच फुटला. "माझ्यामुळे झालं रे. मी चुकले. मोठ्या शहाणपणानं त्याचं औषध कमी केलं मी. आणि मांजर मांजर काय लावलंयस? तू सांग, अख्ख्या दिवसात मी हात लावते असा दुसरा जीव कोण आहे? कोण आहे सांग ना!"

भावाच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.

"पुढच्या रविवारी करतो गं फोन," तो शेवटी म्हणाला. "जप स्वतःला."

"जा, जेव तू," ती म्हणाली.

फोन ठेवून ती गादीच्या कडेला आडवी झाली. मुकादम हातभर अंतरावर फरशीवर बसला होता, मागचे पाय पसरून. तिनं हात पुढे केला, तसा त्यानं कान मागे पाडले. त्याला वाटलं, सुई आली.

"नाही रे बाबा, आत्ता नाही," ती म्हणाली आणि हात उताणा करून दाखवला. रिकामा होता. मुकादमानं तो लांबूनच हुंगला, पण पुढे आला नाही, आणि तिनंही हात मागे घेतला नाही.