सगळ्यांच्या अर्जातली सायकल

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर गझालाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे खिडकीशी बसतो. कागद ओढताना खोकतो, छापताना करकरतो, पण अजून छापतो बरं का! खोक्यातून बाहेर आलो तेव्हा ताईंनी मला हार घातला होता, पुढ्यात पेढाही ठेवला होता. तो खाता आला नाही, याची रुखरुख अजून आहे.

सातबारा, हॉल तिकीट, लग्नाचे बायोडाटा, काय काय छापलं मी! पण सगळ्यात जास्त छापले ते नोकरीचे अर्ज. खरं सांगू? तो एकच अर्ज होता, कधीकाळी कुणा शिपायाच्या जागेसाठी टाईप केलेला. नाव बदललं, तारीख बदलली, की झाला तयार. ‘मी गरीब व होतकरू असून कोणतेही काम करण्यास तयार आहे. मला सायकल चालवता येते.’ नर्सबाईच्या अर्जात सायकल, हिशेबनिसाच्या अर्जातही सायकल! मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. पुढे दुकानात रंगीत प्रिंटर आला आणि माझ्याकडे कुणी बघेना. वाईट वाटायचं हो.

एका सकाळी सुरभी आली. तिचे वडील बबनराव विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायचे, पण आता त्यांना नीट दिसत नव्हतं. सुरभीला इथे काम मिळालं नाही, तर काकांकडे पुण्याला जावं लागणार होतं. मग घरी बबनरावांना जेवायला वाढायलाही कुणी उरलं नसतं. जवळच्या एका कारखान्यात दुरुस्ती विभागात जागा निघाली होती, तेवढीच काय ती आशा.

रंगीत प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून काम माझ्याकडे आलं. निम्मा अर्ज छापला आणि कागद अडकला. मुद्दाम नाही हं, माझं रबर झिजलंय! ताईंनी कागद ओढून काढला आणि सुरभीनं तो तिथंच वाचला.

“ताई, मले तर सायकल चालवताच येत नाही!”

“अगं, ते तर सगळ्यांच्याच अर्जात असते,” ताई म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. “बरं, मग तुले काय काय येते?”

“काहीच नाही. बाबाले दिसत नाही, म्हणून मोटारी मीच भरून राह्यली.”

“मग ते काहून नाही लिवलं?”

“घरचं काम ते. ते कायले लिवा लागते?”

“पगली! त्यांना तेच तर पायजे!”

ताईंनी कॉम्प्युटरमधला तो जुना अर्ज कायमचा पुसून टाकला. सुरभी सांगत गेली, ताई टाईप करत गेल्या: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, कोणत्या मोटारी भरता येतात, तिच्या कामाबद्दल कोणत्या शेतकऱ्यांना विचारता येईल, त्यांचे फोन नंबर. ‘गरीब’ हा शब्द सुरभीनं घालूच दिला नाही. एकच पान झालं. मी ते एकदाही न खोकता छापलं.

कारखान्यानं तिला बोलावलं, एक जळालेली मोटार पुढ्यात ठेवली, आणि संध्याकाळी कामावर घेतलं!

रविवारी बबनराव काठी टेकत दुकानात आले. “गझाला बेटा, पोरीनं काय लिवलं होतं, वाचून दाखव मले.”

ताईंनी वाचलं. शेवटी होतं, ‘हे काम मला माझे वडील श्री. बबनराव यांनी शिकवले.’

“मायं नाव?” बबनरावांनी टोपी काढून डोळे पुसले. “कंपनीच्या कागदात मायं नाव लिवलं तिनं?”

“हो काका.”

“एक मलेही काढून दे. वाचता येत नाही आता, पण जवळ ठेवतो.”

मित्रांनो, दुसऱ्याचा अर्ज उचलू नका रे. तुमच्या हातांना काय येतं आणि ते कुणी शिकवलं, तेवढं खरंखुरं लिहून आणा. बबनरावांची प्रत काढताना माझी शाई फिकी पडली होती, तरी त्यांचं नाव मी ठळक छापलं.