उजव्या नळीतला बार

आजोबांनी मला बंदूक दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली. "शॅरन, उजव्या नळीत बार भरलाय. हात घालायच्या आधी मला विचार."

माझा एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशीची ही गोष्ट. बाकीच्या नातवंडांना अशा वेळी घड्याळं मिळाली होती. मला मिळाली ठासणीची दुनळी, म्हणजे काडतूस नसलेली, नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे गजाने ठासून भरायची जुनी बंदूक. दस्ता मधोमध तडकलेला आणि तांब्याच्या तारेने आवळलेला. एक घोडा मोडलेला, दुसरा लुळा. चापामागची कमान, म्हणजे स्प्रिंग, तर केव्हाच गेलेली. तरी पहिल्याच दिवशी माझा तिच्यावर जीव जडला. मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर एकसारख्या, नव्याकोऱ्या वस्तू मोजते. या बंदुकीत एक माप दुसऱ्याला जुळत नव्हतं. दोन नळ्यांची तोंडंसुद्धा किंचित लहानमोठी होती. कुणीतरी त्या हाताने केल्या होत्या, आणि तो माणूस कुठे थकला, कुठे पुन्हा जोमाने लागला, हे लोखंडावर बोट फिरवलं की कळतं असं मला वाटायचं.

आमचं गाव खर्ड्याजवळ. इथे प्रत्येक जुनी वस्तू खर्ड्याच्या लढाईतली असते. जेम्सकाका बंदुकीबद्दलही तेच सांगायचे.

"काका, ही टोपीची बंदूक आहे, घोडा स्फोटक टोपीवर आपटून उडणारी," मी एकदा म्हणाले. "लढाई झाली तेव्हा टोपी निघालीच नव्हती."

"मग लढाईनंतर बसवली असंल कुणीतरी."

गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या चकमकीच्या बंदुकांना मागाहून टोपी बसवून घेत असत, हे खरं आहे.

आजोबांना मात्र ती लढाईतून नव्हे, त्यांचे दोस्त आप्पासाहेब यांच्याकडून मिळाली होती. आजोबा म्हणजे यशया मास्तर. त्यांनी आप्पासाहेबांच्या थोरल्या मुलाला दहावीच्या गणितातून पार नेलं, त्याची ती भेट. तेव्हापासून, आणि मला दिल्यावरही, रोज संध्याकाळी आजोबा बंदूक खांद्याला अडकवून आप्पासाहेबांच्या रानात डुकरं हाकायला जात.

"न उडणारी बंदूक घेऊन डुकरं कशी हाकता?" मी विचारलं होतं.

"ती उडत नाही हे डुकराला कुठं माहीत आहे?"

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. बंदूक घरात ठेवायची तर ती दुरुस्त करूनही उडणार नाही असा दाखला हवा होता. नगरचे एक बंदूक-दुरुस्तीवाले ती तपासायला तयार झाले, पण नळ्या रिकाम्या असतील तरच. भरलेल्या नळीला आपण हात लावणार नाही, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं.

"मग विषय संपला," जेम्सकाका म्हणाले. "सोमवारी पोलिसांत जमा करू. वितळवायची तर वितळवू देत. घरात लेकरं खेळतात. तुझ्या आजोबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, बार भरलाय."

काकांचं चुकत नव्हतं. आणि ज्यांना विचारायचं ते आजोबा आता नव्हते.

शनिवारी मी बंदूक परसात नेली. तोंड मातीच्या ढिगाकडे केलं आणि स्वतः बाजूला उभी राहिले. आधी गजाचं टोक बाहेरून नळीच्या बुडाशी धरलं आणि नळीच्या तोंडापाशी गजाला दोरा बांधला. मग तोच गज हलकेच आत सोडला. डाव्या नळीत तो दोऱ्यापर्यंत उतरला. उजव्या नळीत वीतभर आधीच थांबला. आत काहीतरी होतं, एवढं नक्की.

दोन गोष्टी मात्र जुळेनात. इतक्या वर्षांचा ठासलेला बार लाकडासारखा टणक लागायला हवा. गज मऊ जागी टेकत होता, उशीवर टेकावा तसा. दुसरं म्हणजे गजाच्या टोकाला मळसूत्री पीळ असतो, नळीत अडकलेली चिंधी ओढून काढायला. सगळी बंदूक गंजलेली, पण हा पीळ लख्ख. रोजच्या वापरातल्या पळीसारखा.

आत दारू असेल तर तो पीळ फिरवून बघणं हा मूर्खपणा झाला असता. मी बंदूक कपाटात बंद केली आणि आप्पासाहेबांकडे गेले.

ते लिंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी, चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या.

"आप्पा, आमच्या बंदुकीच्या उजव्या नळीत बार कुणी भरला?"

"मास्तरानं. दुसरं कोन भरनार?"

"कधी?"

"कधी म्हंजी? रोज भरायचा की."

"रोज?"

"सांजच्याला. रानात आला की पयला बार, मग बाकीच्या गोष्टी."

मी गोंधळले. ज्या बंदुकीला कमान नाही तिच्यात कुणी रोज बार कशाला भरेल? निदान प्रमाण तरी कळावं म्हणून विचारलं, "दारू किती घालायचे?"

आप्पासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "ए पोरी, कुनी सांगितलं तुला? मास्तर देवमानूस. उभ्या जल्मात दारूला शिवला न्हाई. निस्ती तंबाखू."

मग त्यांनी जीभ चावली आणि दाराकडे बघितलं.

मी त्यांच्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मऊ जागा. लख्ख पीळ. न उडणारी बंदूक आणि रोजचा बार. सगळं एकदम जागेवर बसलं.

"पन आजोबांनी तर चर्चमधी उभं राहून..." मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागले होते.

"तेच तर. समद्या मंडळीम्होरं सोडली म्हन्ला. मग ठिवायची कुठं? तुजी आजी दीनाबाई खिसं बघायची, उशी बघायची, सायकलीची पिशवीबी बघायची. बंदुकीला मातर कुनी शिवत न्हवतं. बार भरलाय म्हन्ला की समदी लांब." मग म्हणाले, "खोटं न्हाई बोलला मास्तर. भरलेलाच हुता की."

"नळीत अजून आहे."

"आसंल. पन तुज्या आजीला कळू दिऊ नगंस. पन्नास वरसं ती रविवारच्या शाळंत पोरास्नी मास्तराचा दाखला देत आली."

परतताना मी हेच घोळवत होते. बंदूक वाचवायची तर नळीत काय होतं ते काकांना दाखवावं लागणार. काकांना दाखवलं तर आजीला दिसणार. आणि खोटं बोलायला मला जमत नाही. मी गप्प बसू शकते, पण काका मला गप्प बसू देणार नाहीत.

रविवारी सगळे उपासनेला गेले तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. डोकं खरंच दुखत होतं. गज आत सोडला, पीळ फिरवला, तो कशात तरी रुतला. अलगद ओढलं. बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची कापडी पिशवी बाहेर आली. तिच्यातल्या तंबाखूचा भुगा झाला होता. शेजारी चुन्याचा खडा, दगडासारखा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतो आणि शेवटी पुन्हा चुनखडी होऊन बसतो. आजोबांनी हे ऐकलं असतं तर त्यांना आवडलं असतं. मी ती पिशवी ओढणीच्या गाठीत बांधली.

दुपारी काका आल्या आल्या मी गज त्यांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या नळीत घातला, उजव्या नळीत घातला. दोन्हीकडे दोऱ्यापर्यंत गेला. त्यांनी पुन्हा घालून बघितला.

"आत काय होतं?"

आजी दारातच बायबल आणि गीतांचं पुस्तक काखेत धरून चपला काढत होती.

"बार होता," मी म्हणाले. "काढला."

"एकटीनं? दारू उडाली असती म्हणजे?"

"दारू नव्हती काका."

"मग नुसताच बार?"

"नुसताच."

काकांनी नळीच्या तोंडाशी नाक नेलं, कपाळाला आठी घातली, आणि गज मला परत दिला. "बरं. उद्या घेऊन जा नगरला. दाखला मिळाला तर ठेव."

आजीने पुस्तकं फळीवर ठेवली. जाता जाता माझ्या ओढणीच्या गाठीकडे तिची नजर गेली.

"तो काढलेला बार खड्डा करून पूर," ती म्हणाली. "आप्पासाहेबांना नेऊन देऊ नकोस. त्यांना खोकला हाय."

"त्यांना कशाला देईल ती?" काकांनी विचारलं.

आजी चहा टाकायला आत गेली होती.